महेश गवळी : मागे उभा राहिलेला गोंयकार

गोव्याच्या फुटबॉलचा विषय निघाला की ब्रूनो कुतिन्हो, क्लायमॅक्स लॉरेन्स अशी नावं येतात. १९८० साली जन्मलेला महेश गवळी कोणाला चटकन आठवत नाही. बचावपटूचं असंच! आमच्या बँकेतही वसुलीचा आकडा सगळे विचारत, पण बुडण्यापासून वाचवलेलं कर्ज कोणत्याच लेजरात दिसत नसे.

पोरगेल्या वयात तो घर सोडून जमशेदपूरला टाटा फुटबॉल अकादमीत गेला. पुढे चर्चिल ब्रदर्स, मग कोलकात्याचा ईस्ट बंगाल. २००३ मध्ये जाकार्तात ईस्ट बंगालने थायलंडच्या बीईसी तेरो सासानाला ३-१ असं हरवून आसियान क्लब स्पर्धा जिंकली. त्या संघात आपला गवळी होता. सुले मुसासारखा धिप्पाड परदेशी गडी शेजारी, समोर आशियातले तगडे संघ. हे काही सोपं काम नव्हे हो.

नंतर तो गोव्यात धेंपोकडे आला. आर्मांदो कुलासोंच्या हाताखाली धेंपोने २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ असा तीनदा आय-लीग करंडक जिंकला. रँटी मार्टिन्सच्या गोलांवर लोक फिदा. मागे समीर नाईक आणि गवळी काय थोपवून धरतायत, ते फातोर्ड्याच्या स्टँडमधले जुने लोकच बघत.

२०२३ च्या सॅफ स्पर्धेत प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांच्यावर बंदी आली, तेव्हा साहाय्यक गवळीच मैदानाकडेला उभा राहिला. उपांत्य सामन्यात लेबनॉन, अंतिम सामन्यात कुवेत, दोन्ही निकाल पेनल्टीवर. करंडक भारताचा. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो गोलरक्षक गुरप्रीतचे.