शेजारची खुर्ची

आमच्या बँकेत नवा कारकून आला, की त्याला जुन्याच्या शेजारी बसवतात. काम शिकावं म्हणून, असं साहेब म्हणतात. चूक नक्की कुणाची ते कळू नये म्हणून, असं आम्ही म्हणतो!

बँडवाल्यांचीही हीच रीत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाऊनचा गावबँड १८२८ पासून वाजतोय. शाळकरी पोरांना शेजारी बसवून त्याने जलसे केले आहेत. पोराचा सूर घसरला, की शेजारचे काका दुप्पट जोराने फुंकतात. अब्रू शाबूत!

या बँडचे १९२६ ते १९७६ पर्यंतचे बँडमास्तर आल्बर्टस मेयर्स स्वतः जॉन फिलिप सूझांच्या बँडात कॉर्नेट वाजवून आलेले. आणि सूझा? तेराव्या वर्षी ते सर्कशीच्या बँडबरोबर पळायच्या बेतात होते. वडील वॉशिंग्टनच्या मरीन बँडात ट्रॉम्बोन वाजवत. १८६८ साली त्यांनी पोराला आपल्याच बँडात उमेदवारीला लावलं. १८८० साली तोच पोरगा त्या बँडचा प्रमुख झाला.

लहानपणी मीही वरातीच्या बँडामागे दोन चौक गेलो होतो. वडिलांनी कान धरून परत आणलं आणि पुढे कॉमर्सला घातलं. त्यांचाही हेतू चांगलाच होता. फरक एका अक्षराचा : सूझांना बँड मिळाला, मला बँक.

परवा चिरंजीवांनी शाळेच्या बँडाचा फॉर्म पुढे केला. आयुष्यात प्रथमच मी न वाचता सही केली.