प्रौढ बौद्धिक दिव्यांग : सामुदायिक आधार व उपक्रम

अठरा वर्षांवरील बौद्धिक व विकासात्मक दिव्यांग व्यक्तींना आपल्या माणसांत राहून काम, विरंगुळा, मैत्री आणि सुरक्षित निवारा मिळावा, यासाठी समाजाने उभी केलेली व्यवस्था. दिनकेंद्र, कार्यशाळा, समूहनिवास, कला व क्रीडा उपक्रम, पालक संघटना आणि कायदेशीर पालकत्व ही तिची मुख्य अंगे होत. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात व डाउन सिंड्रोम या अवस्था जन्मापासून किंवा वाढीच्या वयात सुरू होतात आणि आयुष्यभर सोबत राहतात. म्हणून येथे उपचारापेक्षा जगण्याची घडी महत्त्वाची ठरते : सकाळी उठून जायला जागा असणे, करायला काम असणे आणि संध्याकाळी परतायला घर असणे.

संज्ञा : ‘मतिमंद’ हा शब्द मराठीत अनेक दशके रूढ होता आणि जुन्या संस्थांच्या नावांत तो अजून आढळतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नंतर ‘बौद्धिक दिव्यांग’ ही संज्ञा स्वीकारली गेली. बोलण्यात मात्र चाळिशी ओलांडलेल्या व्यक्तीलाही ‘विशेष मूल’ किंवा ‘आमची मुलं’ म्हटले जाते. त्यामागे माया असते, पण त्यामुळे त्या व्यक्तीचे प्रौढपण नजरेआड होते : तिला पगार हवा, मत विचारले जावे, एकांत हवा, हे सुचतच नाही. मुळशी तालुक्यातील कोळवण येथील ‘साधना व्हिलेज’ने आपल्या निवासींसाठी ‘विशेष मित्र’ या अर्थाचा शब्द निवडला, तो या दृष्टीने बोलका आहे.

प्रश्नाचे स्वरूप : २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे १५ लाख व्यक्तींची बौद्धिक दिव्यांग म्हणून नोंद झाली. या व्यक्तींसाठीच्या सेवा मात्र बालवयाभोवती केंद्रित आहेत. मोफत शिक्षणाचा हक्क वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत आहे. शाळा संपली की बस येणे थांबते, मित्र सुटतात आणि अनेकांचा दिवस घराच्या चार भिंतींत, दूरचित्रवाणीसमोर जाऊ लागतो. शिकलेली कौशल्ये वापराअभावी पुसली जातात, वजन वाढते, चिडचिड वाढते. आईची नोकरी सुटते ती बहुधा याच टप्प्यावर.

दुसरीकडे आयुर्मान वाढले आहे. अमेरिकेत डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुर्मान १९८३ च्या सुमारास २५ वर्षे होते, ते आता ६० च्या घरात पोहोचले आहे. बालपणीच्या हृदयशस्त्रक्रिया आणि संस्थांऐवजी घरी होणारे संगोपन ही त्याची प्रमुख कारणे. आईवडिलांच्या मागे राहणारी पहिली मोठी पिढी अशी तयार झाली. ‘आमच्यामागे याचं काय?’ हा पालकांच्या प्रत्येक बैठकीत विचारला जाणारा प्रश्न या व्यवस्थेच्या मुळाशी आहे.

इतिहास : बेल्जियममधील गील या गावी मनोरुग्णांना व बौद्धिक दिव्यांगांना शेतकरी कुटुंबांत सामावून घेण्याची प्रथा मध्ययुगापासून चालत आली. आधुनिक काळात पाश्चात्त्य देशांनी नेमकी उलट वाट धरली आणि गावाबाहेर हजारो खाटांच्या संस्था बांधल्या. न्यूयॉर्कच्या विलोब्रुक संस्थेतील हालअपेष्टा १९७२ मध्ये दूरचित्रवाणीवर दाखवल्या गेल्यावर अमेरिकेत संतापाची लाट उसळली. ती संस्था १९८७ मध्ये बंद झाली. संस्थांकडून समाजाकडे वळण्याच्या या बदलाला स्वीडनचे बेंग्ट निर्ये यांनी त्याआधीच, १९६९ मध्ये, तत्त्वाचे रूप दिले होते. इतरांच्या दिवसाला, आठवड्याला आणि वर्षाला जी लय असते ती दिव्यांग व्यक्तीच्याही वाट्याला यावी, असे त्यांचे म्हणणे होते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातील १९ व्या कलमाने समाजात राहणे हा हक्क ठरवला. भारताने २००७ मध्ये या कराराला मान्यता दिली.

महाराष्ट्रात सुरुवात घरातून झाली. मुंबईत वकील आडनावाच्या दांपत्याने डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीच्या निमित्ताने १९४४ मध्ये जय वकील शाळेचा पाया घातला. पुण्यात सिंधुताई जोशी यांनी १९६४ मध्ये ‘कामायनी’ सुरू केली आणि नाशिकमध्ये रजनी लिमये यांनी १९७७ मध्ये ‘प्रबोधिनी’. शाळेतली मुले मोठी झाली तशा शाळांना लागून कार्यशाळा निघाल्या, आणि पालक थकू लागले तसा निवासाचा विचार पुढे आला. त्याच सुमारास ‘चौकट राजा’ (१९९१) या चित्रपटातील दिलीप प्रभावळकर यांच्या नंदूने एका बौद्धिक दिव्यांग प्रौढाला प्रथमच मराठी घराघरांत ओळखीचे केले. त्याला सांभाळणारी आई आणि आजूबाजूची वस्ती, हे या विषयाचे मर्म त्या कथेतही होते.

कार्यशाळा : राख्या, पणत्या, आकाशकंदील, उटणे, फुलवाती, कागदी पिशव्या, मसाले आणि फराळाचे पदार्थ ही कार्यशाळांतील नेहमीची उत्पादने. रत्नागिरीच्या ‘आविष्कार’ संस्थेची शामराव भिडे कार्यशाळा हे याचे कोकणातील परिचित उदाहरण. कामाची पद्धत साधी पण विचारपूर्वक आखलेली असते. उटण्याच्या एका पुडीमागे वजन करणे, भरणे, बंद करणे, चिठ्ठी चिकटवणे असे टप्पे पाडतात आणि ज्याला जो जमतो तो त्याच्याकडे देतात. ज्याला मोजता येत नाही त्याच्यासमोर दहा खाचांची फळी ठेवली जाते. खाचा भरल्या की दहा झाले. ज्याला वाचता येत नाही त्याचे वेळापत्रक चित्रांत असते. अडचण व्यक्तीच्या मेंदूत शोधण्याऐवजी कामाच्या रचनेत शोधायची, हे त्यामागचे सूत्र आहे.

या कामामुळे वर्षाला लय येते : श्रावणाआधी राख्या, मग गणपतीची सजावट, मग दिवाळीची धांदल. दिवाळीच्या प्रदर्शनात स्वतःच्या हाताने माल विकणे आणि महिनाअखेर विद्यावेतनाचे पाकीट घरी नेणे, यांचे मोल रकमेत मोजता येत नाही. मर्यादाही येथेच आहे. विक्री सणांवर अवलंबून राहिली की वर्षाचे काही महिने काम आटते, आणि गिऱ्हाईक वस्तूच्या गुणापेक्षा दयेपोटी खरेदी करू लागते.

जगभर कार्यशाळांवर आणखी एक आक्षेप घेतला जातो : त्या दिव्यांगांना वेगळे ठेवतात आणि किमान वेतनापेक्षा कमी देतात. अमेरिकेतील व्हरमाँट राज्याने या शतकाच्या आरंभीच अशा कार्यशाळा बंद करून आधारयुक्त रोजगार स्वीकारला. त्यात व्यक्तीला आधी खऱ्या नोकरीच्या जागी नेतात आणि प्रशिक्षक तिथे सोबत राहून काम शिकवतो. मुंबईत जुहू येथील ‘कॅफे अर्पण’ विकासात्मक दिव्यांग प्रौढांच्या बळावर चालते. गिऱ्हाइकाशी रोज समोरासमोर गाठ पडणे हे त्याचे वैशिष्ट्य. आपल्याकडे बहुसंख्य प्रौढांना कार्यशाळाही मिळालेली नाही. त्यामुळे ती मोडण्यापेक्षा तिची दारे बाजाराकडे उघडणे, हा येथे अधिक हिताचा मार्ग आहे.

कला व क्रीडा : उपक्रम म्हणजे वेळ घालवण्याचे साधन, हा समज जुडिथ स्कॉट (१९४३–२००५) यांच्या आयुष्याने खोटा ठरवला. डाउन सिंड्रोम असलेल्या या अमेरिकन स्त्रीला सातव्या वर्षी संस्थेत ठेवले गेले. तिला ऐकू येत नाही हे अनेक वर्षे कोणाच्या लक्षातही आले नाही. सुमारे ३५ वर्षांनी जुळ्या बहिणीने तिला बाहेर आणले आणि १९८७ मध्ये ओकलंडच्या ‘क्रिएटिव्ह ग्रोथ’ या कलाकेंद्रात घातले. जवळजवळ दोन वर्षे तिने कशातच रस घेतला नाही. मग ती सूत व कापडाच्या पट्ट्या वस्तूंभोवती गुंडाळू लागली आणि त्यातून घडलेली शिल्पे पुढे मोठ्या संग्रहालयांत पोहोचली. केंद्राने त्या दोन वर्षांत तिला काढून टाकले नाही, हे या कथेत शिल्पांइतकेच महत्त्वाचे आहे.

क्रीडाक्षेत्रात युनिस केनेडी श्रायव्हर यांनी १९६८ मध्ये शिकागो येथे विशेष ऑलिम्पिकचा आरंभ केला. खेळाडूंचे गट क्षमतेनुसार पाडल्याने स्पर्धा खरी होते. एकत्रित क्रीडाप्रकारांत दिव्यांग व अदिव्यांग एकाच संघातून खेळतात. २०२३ च्या बर्लिन स्पर्धेत भारताने २०२ पदके मिळवली. पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिच्या जीवनावरील ‘यलो’ (२०१४) या मराठी चित्रपटात तिने स्वतःच आपली भूमिका केली. गोव्यात जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला ‘पर्पल फेस्ट’ भरला आणि दिव्यांगांचा उत्सव शहराच्या मध्यभागी आला. ढोल-लेझीम, भजन, नाटक, सहली, स्वयंपाक आणि बागकाम हे मराठी मुलखातील केंद्रांचे नेहमीचे उपक्रम होत.

निवास : समूहनिवासात मोजके प्रौढ सेवकांसह घरासारखे राहतात. स्वयंपाक, झाडलोट, बाजारहाट यांत प्रत्येकाचा वाटा असतो. डोंबिवलीजवळ खोणी येथील अमेय पालक संघटनेचे ‘घरकुल’ पालकांच्या पुढाकारातून उभे राहिले; नाशिकचा ‘घरकुल परिवार’ मुली व स्त्रियांसाठी काम करतो. ज्यांना पालकच नाहीत त्यांचा प्रश्न शंकरबाबा पापळकर (पद्मश्री, २०२४) यांनी लावून धरला. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे त्यांनी बेवारस दिव्यांग मुलांना स्वतःचे नाव दिले. अठरा वर्षे पूर्ण होताच बालगृह सोडावे लागण्याच्या नियमाविरुद्ध, अशा मुलांचे पुनर्वसन आजीवन असावे, अशी मागणी ते सातत्याने करत आले आहेत.

कायदे व योजना : राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ हा स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविध दिव्यांगत्व यांच्यासाठी आहे. मुलगा सज्ञान झाला की आईवडील कायद्याने त्याचे पालक उरत नाहीत, ही गोष्ट अनेक कुटुंबांना बँकेच्या किंवा वाटणीच्या वेळीच कळते. या अधिनियमाच्या १४ व्या कलमाखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालकत्व घेता येते. न्यासाच्या योजनांत ‘निरामय’ (वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा), ‘विकास’ (दिनकेंद्र), ‘समर्थ’ (कुटुंबाला विसावा) आणि ‘घरौंदा’ (प्रौढांचा समूहनिवास) यांचा समावेश होतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने २१ प्रकार मान्य केले आणि शासकीय नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षणात बौद्धिक दिव्यांगांनाही स्थान दिले. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाची स्थापना केली.

स्वतःचा आवाज : १९७४ मध्ये अमेरिकेतील ओरेगन राज्यात बौद्धिक दिव्यांगांनी स्वतः परिषद भरवली आणि आम्ही आधी माणसे आहोत या आशयाचे नाव आपल्या चळवळीला दिले. भारतात ‘परिवार’ या पालक संघटनांच्या महासंघातून असे गट आकाराला आले. सहल कुठे न्यावी, जेवायला काय करावे, खोलीत कोणासोबत राहावे, हे निवासींना विचारणाऱ्या केंद्रात ही चळवळ रोज घडत असते.

वृद्धत्व : डाउन सिंड्रोम असलेल्यांत चाळिशीनंतर विस्मरणाचा आजार लवकर दिसू लागतो. त्यामुळे निवासांना शुश्रूषेची जोड आवश्यक झाली आहे. ‘आमच्यामागे काय’ याची तयारी पैसा आणि मृत्युपत्र यांवर संपत नाही. जाणते पालक एक वही लिहून ठेवतात : कोणती औषधे, कोणत्या आवाजाची भीती, कोणत्या गाण्याने मन शांत होते, चहा कसा लागतो, ‘नको’ हे आपला मुलगा कसे सांगतो. आजवर एकट्या आईला ठाऊक असलेल्या या गोष्टी भावंडांना, शेजाऱ्यांना आणि कार्यशाळेतल्या ताईंना ती हयात असतानाच कळल्या, तर तिच्या पश्चात तो अनोळखी माणसांत पडत नाही.