कातारी, खराद आणि चाफा

कर्जत-खालापूर म्हटलं की कातकरी वाड्या डोळ्यांसमोर येतात. खैराचं लाकूड उकळून कात काढणारा तो कातकरी, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्याच्या शेजारी शोभणारा आणखी एक शब्द मराठीत आहे आणि तो हळूहळू विसरला जातो आहे. कातारी. याचा काताशी संबंध नाही. हा लाकूड कातणारा, म्हणजे फिरत्या लाकडाला हत्यार लावून त्याला गोलाई देणारा कारागीर. आपल्या घरातलं लाटणं, पोराच्या हातातला भोवरा, पाळण्याचे दांडे, पलंगाचे पाय, बुद्धिबळाच्या सोंगट्या ही सारी त्याची कामं. त्याच्या यंत्राला खराद म्हणतात. हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला, आणि त्याचं मूळ अरबी ‘खर्रात’मध्ये आहे. खर्रात म्हणजे कातारीच!

जुना खराद अगदी साधा. जमिनीत रोवलेले दोन खुंट, त्यांच्यामध्ये टोकांवर अडकवलेलं लाकूड आणि त्याला गुंडाळलेली दोरी. मदतनीस दोरीची दोन टोकं आळीपाळीने ओढायचा. हा मदतनीस बहुधा घरातलाच कोणी, बायको नाहीतर मुलगा. लाकूड एकदा पुढे फिरे, एकदा मागे. हत्यार कापायचं ते फक्त पुढच्या फेऱ्यात. मागच्या फेऱ्यात कारागिराला ते किंचित मागे घ्यावं लागे. म्हणजे दोरी ओढणाऱ्याचे निम्मे श्रम वाया. कापण्याची कार्यक्षमता हा शब्द आज कारखान्यात सर्रास ऐकू येतो. पण त्या वाया जाणाऱ्या अर्ध्या फेऱ्याचा हिशेब दोरी ओढणाऱ्या हातांना तेव्हाही कळत असणार.

हा अर्धा फेरा वाचवायचा तर लाकूड एकाच दिशेने फिरत राहायला हवं. पायाने दाबायची फळी, वाकवलेला दांडा आणि जड चाक अशी जोडणी लिओनार्दो द व्हिंचीच्या पंधराव्या शतकातल्या एका रेखाटनात दिसते. पुढे १७०१ साली फ्रान्समधल्या लिओं शहरात शार्ल प्ल्युमिए या पाद्र्याने कातकामावर मोठा सचित्र ग्रंथ छापला. हा गृहस्थ वनस्पतिशास्त्रज्ञही होता. त्याच्या नावावरून एका झाडाला ‘प्लुमेरिया’ हे शास्त्रीय नाव मिळालं. ते झाड म्हणजे आपला खुरचाफा, देवळापुढे आणि दर्ग्यापुढे सारखाच फुलणारा. कातारी आणि चाफा असे एकत्र येतील, हे कवितेत लिहिलं असतं तर कुणी ओढूनताणून जुळवलं म्हणालं असतं.

चाक फिरवायला पायाऐवजी वीज आली, त्या गोष्टीशी मात्र आपल्या खालापूर तालुक्याचा थेट संबंध आहे. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी घाटमाथ्यावरून सुमारे ५०० मीटर खाली आणून त्यावर वीज तयार होऊ लागली. ती गेली मुंबईच्या गिरण्यांकडे. तारा आपल्या डोक्यावरून आणि अंधार आपल्या घरात, अशी इथल्या गावांची अवस्था पुढे कित्येक वर्षं राहिली.

सावंतवाडीच्या चितार आळीत मोटरचा खराद रुळला. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबायची, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून रंग चढतो, मग केवड्याच्या पात्याने झिलई द्यायची. कर्नाटकात चन्नपट्टणलाही हीच रीत. तिथली खेळणी ज्या लाकडाची होतात, तो आपला काळा कुडा. सह्याद्रीच्या रानात हे झाड आहे, पण आपल्याकडे त्याची आठवण निघते ती औषधापुरती.

त्यानंतरची पायरी आकड्यांची. अमेरिकेतले जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी अचूक वक्राकार शोधत होते. त्यातून १९५२ साली एमआयटी संस्थेत आकड्यांच्या हुकमावर चालणारं यंत्र दाखवलं गेलं. त्याला संगणक जोडला गेला आणि त्याचं सीएनसी झालं. आता ते इतकं लहान झालं आहे की घराच्या पडवीत मावतं.

समजा, कर्जतच्या एखाद्या हौशी कातकाम्याला वाटीचं बूड साफ करायचं आहे. त्यासाठी वाटी उलटी पकडणारा चक हवा. प्लायवूडच्या दोन चकत्या, त्यांत वाकड्या खाचा, खाचांत रबरी खुंट्या. एक चकती दुसरीवर फिरवली की सगळ्या खुंट्या एकदम मध्याकडे सरकतात. या खाचा हाताने तंतोतंत सारख्या कापणं जिकिरीचं, सीएनसीला सोपं. तरी नवखा माणूस एक गोष्ट हमखास करतो. लाकूड जळू नये म्हणून यंत्र हळू चालवतो, आणि लाकूड नेमकं त्यामुळेच जळतं.

हिशेब साधा आहे. दोन धारांचं पातं मिनिटाला १८,००० फेरे घेत असेल, तर लाकडावर ३६,००० घाव पडतात. यंत्र मिनिटाला ९०० मिलिमीटरच सरकलं, तर प्रत्येक घावाला मिलिमीटरचा चाळिसावा भाग येतो. एवढ्यात पातं कापत नाही, नुसतं घासतं. भुसा पिठासारखा पडतो, धार तापते, बोथट होते. घावाला मिलिमीटरचा दहावा भाग द्यायचा तर चाल ३,६०० हवी. लहान यंत्राला ती झेपत नसेल, तर फेरे १०,००० वर आणावेत, मग २,००० पुरते. एकाच धारेचं पातं लावलं तर १,००० सुद्धा चालते. खोली एका दमात घेऊ नये. ६ मिलिमीटरच्या पात्याने १२ मिलिमीटरचं प्लायवूड ३-३ मिलिमीटरच्या चार फेऱ्यांत कापावं. प्लायवूडमधला सरस धार लवकर मारतो, तेव्हा पातं वेळेवर बदलावं. आणि पिठासारखा भुसा नाकातोंडात जातो, म्हणून तो शोषून घेणारा पंखा हवाच.

जुना कातारी हे आकडे मांडत नसे. हत्याराखालून लांब, कुरळी साल निघते आहे की नुसती धूळ उडते आहे, हे तो बघायचा. आवाज किरकिरला की हात थांबवून पटाशी दगडावर घासायचा. सीएनसीला कान नाहीत. ती जळतं लाकूडही त्याच निष्ठेने कापत राहते, म्हणून पडवीतल्या माणसाने पहिली चकती निघेपर्यंत तरी यंत्रापाशी उभं राहून खाली काय पडतं आहे ते चिमटीत धरून पाहावं.