बोंबील आणि बनवाबनवी

खोटं बोलून खोली मिळवण्याचा प्रयोग ‘अशी ही बनवाबनवी’त चौघांनी केला. आम्ही तो त्याआधी दोन वर्षं, दोघांतच आणि लुगडी न नेसता, पार पाडला होता. त्या चित्रपटाविषयी माझी एकच तक्रार आहे : श्रेयनामावलीत आमचं नाव नाही.

मी आणि माझा दोस्त, दोघेही डहाणू तालुक्यातल्या वरोरचे. एकीकडे समुद्र, दुसरीकडे वाड्या आणि मधे वाळत घातलेले बोंबील. त्या वासाला वास म्हणतात हे आम्हाला मुंबईत कळलं. १९८६ साली नोकरी लागली, वाणगावला गाडीत चढलो, आणि खोली शोधता शोधता चपला झिजल्या. घरमालकांचाही दोष नव्हता म्हणा. १९४७च्या भाडेकायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधून टाकलेली. एकदा शिरलेला भाडेकरू खांद्यावरूनच बाहेर पडायचा. तेव्हा मालक खोली देण्याआधी जावई शोधल्यासारखी चौकशी करीत.

परळच्या आजींच्या अटी दोन : लग्न झालेलं हवं आणि खाणं शाकाहारी हवं.

“आजी, आमच्या घरात सात पिढ्यांत कांदा शिरला नाही,” दोस्त म्हणाला. “आणि लग्नं ठरलीत. दोघांचीही.”

मी माझ्या लग्नाची बातमी अशी ऐकली.

खोली मिळाली. बोंबील वर्तमानपत्राच्या घड्यांत, डांबरगोळ्यांसकट, ट्रंकेच्या तळाशी. पण चाळीतली मांजरं आमच्या दाराशी ठाण मांडून बसू लागली. “मुक्या जनावरांना माणसं ओळखता येतात हो,” आजी म्हणायच्या. पुढे दोस्ताला कावीळ झाली तेव्हा याच आजींनी महिनाभर त्याला मऊ भात करून घातला. ट्रंक त्याच्या उशाशीच होती. त्या भाताचा घास मला अजून गिळवत नाही, आणि तो तर मी खाल्लाही नव्हता.

अशा मनःस्थितीत सप्टेंबर १९८८मध्ये आम्ही थिएटरात गेलो. पुण्यातले बिऱ्हाडाविना अडलेले चार मित्र, त्यांतले दोघे बायका झालेले, आणि त्यांच्यावर भाबडा विश्वास टाकणाऱ्या कमळाबाई नव्हे, लीलाबाई काळभोर. (नावं विसरणं हा वयाचा दोष, प्रसंग मात्र एकही विसरलेलो नाही.) पार्वती झालेल्या लक्ष्मीकांत बेर्डेचं डोहाळजेवण सुरू झालं, थिएटर कोसळलं, आणि आम्ही दोघं घाम पुसत होतो.

गोष्ट तशी जुनी. आधी १९५५चा बंगाली ‘जय माँ काली बोर्डिंग’, मग १९६६चा हृषीकेश मुखर्जींचा ‘बीवी और मकान’. पण वसंत सबनिसांच्या लेखणीतून ती मराठीत उतरली आणि इथलीच झाली. सबनीस म्हणजे ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिणारे. वगातली हजरजबाबी त्यांनी दिवाणखान्यात आणून बसवली. शिवाय पुरुषाने लुगडं नेसलं की डोळे वटारणारे आपण नव्हे. बालगंधर्वांच्या जन्माला त्याच वर्षी शंभर वर्षं झाली होती, आणि ‘मोरूची मावशी’त विजय चव्हाण त्याच दशकात धुमाकूळ घालत होते. सचिनने दिग्दर्शन केलं, अशोक सराफने धनंजय माने उभा केला, सुधीर जोशींचा घरमालक तर मला आमच्याच गल्लीत भेटला होता. पण माझ्या मते चित्रपट टिकला तो त्या चौघांच्या भीतीमुळे. डोक्यावरचं छप्पर जाईल ही भीती खरी आहे, म्हणून विगसुद्धा खरा वाटतो.

परतताना दोस्त म्हणाला, “सांगून टाकू.”

आजी भाजी निवडत होत्या. आम्ही सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

“बोंबील होय? मला वाटलं सुकट. मांजरं काय तुमची भजनं ऐकायला येत होती?” आणि जरा थांबून, “कावीळ होती म्हणून गप्प बसले. आता लग्नांचं काय ते बोला.”

लक्ष्मीकांत २००४ साली गेला. भाडेकायदाही २००० साली बदलला. आजी त्याआधीच गेल्या. दोस्त निवृत्त होऊन वरोरला परतलाय. परवा त्याचा नातू मोबाइलवर हाच चित्रपट बघत, पुढचं वाक्य आधीच म्हणत, एकटाच हसत होता. डोहाळजेवण आलं तसा दोस्त हळूच उठून ओटीवर गेला. मीही गेलो. बाहेर बोंबील वाळत होते, आणि खाली एक मांजर बसलं होतं.