ओट्यापासून पार्किंगपर्यंत

विचारवंत नरहर कुरुंदकरांच्या आडनावातलं कुरुंदा घ्या, नाहीतर वसमत तालुक्यातलं दुसरं कुठलंही जुनं गाव. पांढरीतली, म्हणजे गावठाणातली, घरं एकमेकांना खेटून. गल्ली बैलगाडीपुरती, समोरून दुसरी आली की एकाने बैल मागे रेटायचे. दाराला लागून ओटा, ओटा संपला की रस्ता. डाळ वाळवणं, हजामत, सोयरिकीची बोलणी, भावकीची भांडणं, सगळं तिथंच. ओट्यावरच्या म्हातारीच्या नजरेतून कुणाचा पाहुणा सुटायचा नाही. (हा पहारा सुनांना किती जाचला, ते त्यांनाच विचारावं.)

घर आणि रस्ता यांची फारकत मोटारीने केली, असं आपण धरून चालतो. पण आपल्याकडे ती सुरू झाली प्लेगपासून. १८९६ मध्ये मुंबईत साथ आली, त्यावर उपाय म्हणून १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढे त्याने दादर-माटुंग्याला आखीव वस्ती उभी केली. रुंद रस्ते, इमारतींभोवती मोकळी जागा. ही जागा सोडली होती हवा-उजेडासाठी. तिथल्या हिंदू कॉलनीतला कारकून दादर स्टेशन पायीच गाठायचा. अमेरिकेत मात्र १९२९ मध्ये न्यू जर्सीतल्या रॅडबर्नची आखणीच मोटार गृहीत धरून झाली. तिथे निदान पायी चालणाऱ्यांना वेगळ्या वाटा ठेवल्या. आपण रुंद रस्ता तेवढा उचलला.

कुरुंद्यासारख्या गावांकडे हे सारं ‘प्लॉटिंग’ होऊन आलं. रानात दगड रोवायचे, तीस बाय चाळीस फुटांचे तुकडे पाडायचे, ‘रोड टच’ म्हणून भाव चढवायचा. जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड मुळे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला वेगळी अकृषिक परवानगी मागावी लागेनाशी झाली. काळ्या रानाची पांढरी व्हायला मग कितीसा वेळ लागणार?

घराभोवती हवेसाठी सोडायच्या त्या पट्ट्यात आता मोटार उभी राहते, ती नसेल तर मोटारसायकल. पुढे कंपाउंड, लोखंडी गेट. दुकानं जुन्या गावात, म्हणून दुधाच्या पिशवीसाठीही गाडी काढायची. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत किती घरांमागे किती वाहनांची सोय हवी, याचं कोष्टक आहे. ओटा बांधाच, असं कुणी सांगत नाही.

प्लॉट बघायला जाल तेव्हा रस्ता किती फुटी ते विचाराच. पण शाळा आणि किराणा दुकान पायी किती मिनिटांवर आहे, तेही विचारा.