लुगडे, खण आणि देवीची ओटी

अजिंठ्याच्या लेण्यांसमोरून येणारी वाघूर नदी पहूरवरून पुढे तापीकडे जाते. पाचव्या शतकाच्या सुमारास रंगविलेल्या त्या लेण्यांच्या भिंतींवर कमरेला पट्ट्यापट्ट्यांचे वस्त्र नेसलेल्या स्त्रिया दिसतात. पहिल्या लेण्यातील नर्तकीच्या अंगावर तर लांब बाह्यांचे शिवलेले वस्त्र आहे. नेसण्याची आणि शिवण्याची अशा दोन्ही रीती या परिसराला किती जुन्या काळापासून ठाऊक आहेत, याची ही साक्ष होय.

खानदेशातील मागच्या पिढ्यांतील माताभगिनींचा सणाचा पोशाख म्हणजे नऊवारी लुगडे आणि खणाची चोळी. नऊ वार म्हणजे 27 फूट कापड; पण नेसताना त्याला सुईचा एक टाका लागत नसे. पुढे निऱ्यांचा ओचा, मागे कासोटा आणि डोईवर पदर. शेतात कासोटा वर आवळून घ्यावा, सणाला लुगडे घोट्यापर्यंत सोडावे. कष्टाचे आणि सणाचे वस्त्र एकाच रीतीचे. फरक असे तो रंगाचा, काठाचा आणि पोताचा.

या वस्त्रामागे अनेक गावांचे हात होते. 1857 नंतर उत्तरेतून आलेल्या विणकरांमुळे मालेगावचा विणकाम-व्यवसाय वाढला आणि तेथील रंगीत लुगडी प्रसिद्ध झाली. तापीपलीकडचे फैजपूर लाल व गडद निळ्या रंगासाठी नावाजलेले होते. खण येई कर्नाटकातील गुळेदगुड्डहून. येवल्याची पैठणी मात्र सधन घरच्या पेटीत असे आणि लग्नकार्यालाच बाहेर निघे. संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसण्याची हौस घरोघर होती.

आखाजीला लेक माहेरी येई, गौराई बसे, झोके बांधले जात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई घरी येई. नारळरूपी कानबाईलाही लुगडे आणि दागिने घालून सजवीत. जे घरच्या लेकीला, तेच देवीला, असा हा भाव होता.

विसाव्या शतकात मुलींचे शिक्षण वाढले, शहराशी संबंध आला आणि पाचवारी साडी व शिवलेले पोलके रूढ झाले. पुढे टेरिकॉट, नायलॉन स्वस्त आणि टिकाऊ म्हणून घरात आले. आज सणाला नऊवारी पुन्हा दिसते खरी, पण बहुधा शिंप्याने शिवून दिलेली. नऊ वार कापड हाताने नेसण्याची कला थोड्याच वडीलधाऱ्या बायकांकडे उरली आहे. खणाची चोळी तर रोजच्या वापरातून गेलीच. मात्र एका चोळीपुरता तो खण नारळासह देवीच्या ओटीत आजही पडतो. अंगावरून उतरलेले वस्त्र देवळाने सांभाळले.

या ओटीला एक दुखरी बाजूही आहे. नवरा गेला की बाईच्या अंगावरून हिरवा रंग, कुंकू, बांगड्या उतरत. उच्चवर्णीय घरांत तिच्या वाट्याला आलवण येई. ओटी भरण्याचा मान जाई आणि देवीसमोर तिला मागे उभे राहावे लागे. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनीही तसेच करावे, असे आवाहन केले. ठराव कागदावर एका दिवसात होतो. हळदीकुंकवाच्या ताटापुढे तो पाळायला धैर्य लागते.

जीर्णोद्धारात जे जुने भक्कम असते ते ठेवतात आणि जे कुजले असेल ते काढतात. लुगड्याची नेसण आजीकडून नातीने शिकून घ्यावी. ते भक्कम आहे. ओटीच्या रांगेतून एखाद्या बाईला मागे सारण्याची रीत मात्र काढून टाकावी. खण विणणाऱ्याने तो कोणत्या बाईच्या हातून वाहिला जाईल, हे कधी विचारले नव्हते. नव्या गाभाऱ्यासमोर ती रांग एकच असावी.