कॅमेऱ्याची झोळी

कॅमेऱ्याचा इतिहास लिहिणारी मंडळी मोठी विद्वान असतात. भिंगं कुणी घासली, रसायनं कुणी शोधली, काचेची जागा फिल्मने कधी घेतली, सगळं सनावळीसकट सांगतात. एका मुद्द्यावर मात्र त्यांची दातखीळ बसते. हे यंत्र माणसाने गावभर हिंडवलं ते कशात घालून? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? ज्याच्या खांद्याला दीड-दोन किलोचा कॅमेरा लोंबतो आहे, त्याला विचारा.

मला शनिवारवाडा ते मंडई या टापूत कॅमेरा घेऊन भटकायचा नाद आहे. फोनमध्ये चांगला कॅमेरा असताना हे धूड कशाला, असं आमच्या घरी वर्षातून दोनदा विचारलं जातं. त्यावर मी चहा मागतो. पण धूड आहे म्हटल्यावर त्याला झोळी हवी, आणि झोळी निवडण्याच्या निमित्ताने मी जो इतिहास चाळला, तो माझ्या खांद्याला बराच धीर देणारा निघाला.

1839 साली लुई दागेरची पद्धत पॅरिसमध्ये जाहीर झाली, तेव्हा पिशवीचा प्रश्नच नव्हता. लाकडी पेटी, तिवई, चांदी चढवलेले तांब्याचे पत्रे, आयोडीन आणि पारा एवढा संसार घेऊन बाहेर पडणं म्हणजे बिऱ्हाड हलवणंच. 1851 साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या काचेची पद्धत काढली. चित्र सुरेख यायचं, पण काच ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच तो धुवायचा. म्हणजे फोटोवाला जाईल तिथे अंधारी खोलीही त्याच्या मागोमाग जायला हवी. पाहुणे म्हणून जाताना न्हाणीघर सोबत न्यावं, तसला प्रकार.

रॉजर फेंटन 1855 साली क्रिमियाच्या युद्धावर गेला. त्याने एका दारूच्या व्यापाऱ्याची घोडागाडी घेतली आणि तिचीच अंधारी खोली केली. बरोबर पाच कॅमेरे, 700 काचा आणि 36 पेट्या. गाडी हाकायला मार्कस स्पार्लिंग नावाचा मदतनीस. तोफगोळ्यांच्या माऱ्यातल्या एका घळीकडे निघायच्या आधी स्पार्लिंगने सुचवलं की, साहेब, गाडी आणि गाडीवान परत येतील न येतील, एकदा दोघांचा फोटो काढून ठेवा. फेंटनने काढला. तो फोटो आजही पाहायला मिळतो. गाडीवर बसलेला स्पार्लिंग आपल्याकडे पाहतो आहे. कॅमेऱ्याचं ओझं वाहणाऱ्या माणसाचा इतका जुना आणि इतका चांगला फोटो दुसरा माझ्या पाहण्यात नाही. नशीब की दोघंही परत आले.

आपल्याकडे एवढंही झालं नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 सालीच निघाली होती आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या काळी कॅमेरा चालवत होते. उन्हाळ्यात काचेवरचा थर बघता बघता वाळायचा, म्हणजे धावपळ दुप्पट. पुढे सॅम्युअल बोर्न 1863 ते 1866 या काळात तीनदा हिमालयात गेला. फोटो अप्रतिम आहेत. सामान वाहायला डझनावारी हमाल होते आणि हमाल ओझी टाकून पळून जातात, अशी बोर्नची तक्रार असे. मला ती वाचताना हमालांची बाजू घ्यावीशी वाटते. दुसऱ्याच्या काचा डोक्यावर घेऊन बर्फातून चालायचं, खाली नाव बोर्नचं, आणि वर शिव्या आपल्याला! मीही पळालो असतो. नुसता मंडईपर्यंत चालून मी कॅमेऱ्याच्या नावाने बोटं मोडतो.

हे ओझं दुसऱ्याच्या डोक्यावरून आपल्या खांद्यावर आणण्याचं पुण्य जॉर्ज ईस्टमनच्या पदरी पडलं. 1888 साली त्याचा पहिला कोडॅक निघाला. किंमत 25 डॉलर, आत शंभर फोटोंची फिल्म, आणि बरोबर पट्टा लावलेली चामड्याची पेटी. फिल्म संपली की कॅमेराच कारखान्यात पाठवायचा. फोटोग्राफर एकटा घराबाहेर पडू लागला आणि त्याचा खांदा पहिल्यांदाच दुखू लागला. लोकशाही म्हणतात ती हीच असावी. 1925 साली लायका बाजारात आला आणि कॅमेरा कोटाच्या खिशापर्यंत उतरला.

पण बातमीदारांचा कॅमेरा मात्र बरीच वर्षं धिप्पाडच राहिला. स्पीड ग्राफिक म्हणजे चांगला अवजड ऐवज. दर दोन फोटोंना फिल्मची नवी चौकट लावायची आणि दर फोटोला फ्लॅशचा नवा दिवा. होमाई व्यारावाला 1942 साली मुंबईहून दिल्लीला गेल्या आणि साडी नेसून, कॅमेरा घेऊन, सायकलवरून दिल्ली पालथी घालू लागल्या. नंतर मोटार आली. तिच्या डीएलडी 13 या नंबरावरून त्यांनी ‘डालडा 13’ हे टोपणनाव घेतलं. 2011 साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. मंडईच्या चढावर माझा खांदा कुरकुरू लागला की मी ती सायकल आठवतो. खांदा गप्प बसतो.

आता खरी गंमत. इंग्लंडमध्ये मार्टिन बिलिंगहॅम यांनी 1973 साली मासे पकडणाऱ्या शौकिनांसाठी पिशव्या शिवायला घेतल्या. काही वर्षांनी पाहतात तो न्यूयॉर्कचे फोटोवाले त्या पिशव्या नेत आहेत! एवढे मासे त्या शहरात येणार कुठून? मग बिलिंगहॅमनी गळ सोडला आणि कॅमेरा धरला. त्याच दशकात अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्रातले फोटोग्राफर जिम डॉम्के यांनी मनासारखी पिशवी मिळेना म्हणून स्वतःच कॅनव्हासची बेतली. मऊ, अंगाला चिकटणारी, वरून पटकन उघडणारी.

आपल्याकडे शबनम होतीच. कवी, कार्यकर्ते आणि बातमीदार तिच्यात जग घालून हिंडत. कॅमेऱ्याला ती सोसत नाही, एवढंच. तोंड उघडं, तळ लोंबता, आणि चालताना भिंग कमरेवर ताल धरतं.

तेव्हा निवडीचे नियम असे. पट्टा रुंद हवा आणि तो छातीवरून तिरका यायला हवा. आत गादी हवी, पण घरच्या गादीएवढी नको. झाकण पावसाला अडवील असं हवं, आणि उघडताना टर्र आवाज करणारं मुळीच नको. गाण्याच्या बैठकीत त्या एका आवाजासरशी सगळं सभागृह आपल्याकडे बघतं. शेवटचा नियम महत्त्वाचा. पिशवीवर ‘आत महागडा कॅमेरा आहे’ असं लिहिलेलं दिसता कामा नये. चोरासाठी तर नकोच, पण मुख्य म्हणजे समोरच्या माणसासाठी. पिशवी पाहून तो ताठ उभा राहिला की फोटो मेला.

हे सगळे नियम पाळून मी अखेर खाकी कॅनव्हासची एक साधी पिशवी घेतली. ती चांगली की वाईट याचा निकाल मंडईत भाजीवाल्या मावशींनी दिला. मापातली गवार हातात धरून त्या म्हणाल्या, “काका, उघडा की पिशवी, किती वेळ धरू?”

मी उघडली. मावशी आत डोकावल्या आणि खळखळून हसल्या. आजवर काढलेल्या फोटोंत तो मला सगळ्यांत आवडतो. गवार हातातून आणावी लागली.